उचल फेडायची नाही: वीटभट्टीवरचे एक प्रकरण

वसई तालुक्यात महामार्ग ओलांडून पूर्वेला डोंगराच्या बाजूला गेले की वीटभट्ट्या लागतात. अशाच एका भट्टीवर दिवाळीनंतर आलेली सहा कातकरी आदिवासी कुटुंबे. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, पश्चिमेकडच्या एका धर्मग्रामाची (कॅथोलिक पॅरिशची) सामाजिक न्याय समिती तिथे कपडे आणि कोरडा शिधा वाटायला जाते. एक बाई कपडे घेत नाही. म्हणते, “ताई, कपडं ऱ्हाऊ द्या. शेठला येवढं सांगा, आयच्या दिवसांना जायाचंय. दोन दिसांत येते परत.” शेठ सोडत नाही, कारण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटलेली नाही.

हे प्रकरण नमुन्याचे आहे. कोणतीही एक भट्टी, एक कुटुंब किंवा एक धर्मग्राम यात नाही. अशा कामात जे पुन्हा पुन्हा घडते ते एका जागी बांधले आहे, आणि हिशोबाचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. कायदा, कलमे, सरकारी योजनेतल्या रकमा आणि धर्मवचने मात्र खरी.

हिशोब कसा बसतो

भट्टी पेटते दिवाळीनंतर, पण व्यवहार होतो भादव्यात. घरात दाणा नाही, रानात काम नाही, कोणी तापाने पडलेले. अशा वेळी मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. समजा ४०,००० रुपये. त्या बदल्यात नवरा-बायकोची जोडी पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीला बांधली गेली. रात्री तीनच्या सुमारास उठून गारा तुडवायचा, साच्यात दाबायचा, विटा उन्हात मांडायच्या, उलटायच्या, सुकल्या की रचायच्या. उलटायचे काम बहुधा पोरांकडे. त्याची मजुरी कुठेच लागत नाही.

दिवसाला हजार विटा धरा. २६ आठवड्यांचे १५६ दिवस, त्यातून आजारपण आणि अवकाळी पावसाचे २० वजा: १३६ दिवस, १,३६,००० विटा. हजारी दर ६०० रुपये धरला तर ८१,६०० रुपये. आता शेठच्या वहीतली वजाबाकी पाहा. तूटफूट म्हणून दहा टक्के, ८,१६० गेले. दर आठवड्याला बाजारासाठी मिळणारी खर्ची १,२०० रुपये, तिचे ३१,२०० गेले. उचलीचे ४०,००० गेले. हातात राहायला हवेत २,२४०. पण गेल्या सालची बाकी ९,००० आणि मधे मुलाच्या दवाखान्याचे ४,००० लावले की जोडीच शेठचे १०,७६० रुपये देणे लागते. हंगामभर राबून बाकी ९,००० ची १०,७६० झाली. वही शेठकडे, अंगठा मजुराचा.

मजुरीचा दर वरवर फार वाईट दिसत नाही, म्हणून भले लोक इथे फसतात. ८१,६०० ला १३६ दिवस आणि दोन माणसांनी भागले की माणशी ३०० रुपये येतात, तेही बारा-चौदा तासांचे, आणि तूटफूट वजा जाता २७०. त्यात पोरांचे हात धरलेलेच नाहीत. पण दरापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. तिला आईच्या दिवसांना जाता येत नाही.

याला वेठबिगार का म्हणायचे

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ चा आहे आणि तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला जातो. साखळदंड, कुलूप, राखणदार यांची त्याला गरज नाही. आगाऊ रक्कम घेतली आणि त्यापायी चारपैकी एक जरी गोष्ट गेली तरी पुरे: रास्त मजुरी, दुसरीकडे काम करायची मोकळीक, हवे तिथे जाण्यायेण्याची मोकळीक, किंवा आपली मेहनत बाजारभावाने विकण्याचा हक्क. वरच्या बाईच्या बाबतीत तिसरी गोष्ट तिच्याच तोंडून आली आहे. कलम १५ प्रमाणे हे कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करायचा भार शेठवर आहे, मजुरावर नाही. तहसील कार्यालयात ‘पुरावा आणा’ असे समितीला सुनावले जाते, तेव्हा हे कलम अर्जात लिहिलेले असावे.

“ते स्वखुशीने आलेत” हे दुसरे हमखास उत्तर. आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सांगितले: भूक आणि दारिद्र्य यांचा रेटा हीसुद्धा सक्तीच, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणे हे घटनेच्या २३व्या अनुच्छेदातले सक्तीचे काम. गंमत अशी की पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात याच आशयाचे लिहून ठेवले आहे: गरजेपोटी किंवा आणखी वाईटाच्या भीतीने मजूर जाचक अटी मान्य करतो, तेव्हा तो जबरदस्तीचा आणि अन्यायाचा बळी असतो. नव्वद वर्षांचे अंतर, एक धर्मपीठ आणि एक न्यायपीठ, पण बोट एकाच जागी.

दोन लाखांची वाटाघाट

समितीच्या बैठकीत पहिली सूचना बहुतेक वेळा एकच असते: आपणच पैसे भरून सोडवू. हंगाम अर्धाच झालेला, म्हणून बाकी जास्त. शेठ म्हणतो, जोडीमागे पस्तीस-एक हजार द्या आणि घेऊन जा. सहा जोड्यांचे दोन लाखांच्या आसपास. गरीबनिधी आहे, सण जवळ आहे, आखातातली मुले पैसे पाठवतात. दोन लाख उभे राहायला वेळ लागत नाही. त्यात कोणीतरी शास्त्राधार काढतो. पळून गेलेल्या अनेसिमस या गुलामाला परत पाठवताना संत पौलाने त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, लिहिले की त्याचे तुझे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. मग आपण मांडून घ्यायला काय हरकत?

हरकत ही की पौलाच्या काळी रोमी कायद्याने फिलेमोनाचा हक्क उभा होता. इथे तो नाही. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे असे कर्ज फेडायची जबाबदारीच संपलेली आहे. खात्यावर मांडायला रक्कमच नाही. उलट संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणे हा कलम ९ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणजे समिती भूतदयेने जे देणार, ते घेणे शेठचा गुन्हा आणि देणे त्या गुन्ह्याला हातभार. शिवाय व्यवहारात काय होते? त्याच दोन लाखांची उचल पुढच्या भादव्यात दुसऱ्या वाडीवर वाटली जाते. सहा कुटुंबे सुटली, सहा बांधली गेली, आणि धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालात एक छान फोटो आला.

कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या) प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्याच्या आठव्या परिच्छेदात नेमके हेच बजावले आहे: आधी न्यायाची मागणी पुरी करा, जे न्यायाने देय आहे ते दान म्हणून देऊ नका, आणि दुखण्याच्या लक्षणांवर नव्हे, कारणांवर उपाय करा. समितीच्या पहिल्या बैठकीत बाकी काही वाचले नाही तरी हा परिच्छेद वाचावा.

अर्जापासून सुटकेपर्यंत

या तालुक्यात हे काम नवे नाही. विधायक संसद १९७९ पासून आणि श्रमजीवी संघटना १९८२ पासून इथल्या वेठबिगारांच्या प्रश्नावर झगडत आली. या दोन्हींचे संस्थापक विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना त्यासाठी १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. ही चळवळ ख्रिस्ती नव्हे, आणि तिच्याकडून शिकायला कमीपणा वाटायचे कारण नाही. धर्मग्रामाच्या समितीने एकटीने शड्डू ठोकून भट्टीवर जाऊ नये. अनुभवी आदिवासी संघटना सोबत असावी, आणि अर्जावर तिची सही आधी असावी.

माहिती भट्टीवर गोळा करत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी खर्ची घेऊन बाया बाजारात येतात, तिथे बोलणे होते. विचारायचे एवढेच: उचल किती आणि कोणाच्या हातून, खर्ची किती, वही कोणाकडे, मधे गावी जायला मिळाले का, दुसऱ्या भट्टीवर गेलो तर काय होईल, पोरे काय करतात, कोणी हात उगारला का. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत. ‘आमचे शोषण होते’ असे कोणी कातकरी बोलत नाही, आणि असा जबाब न्यायालयात पढवलेला वाटतो. “बाकी फिटल्याबिगर गाडीत बसू देत नाही” हे वाक्य शंभर विशेषणांपेक्षा भारी.

भट्टीची ओळख पटवायला एक वीट पुरते. विटेच्या खोबणीत मालकाची दोन-तीन अक्षरे उमटवलेली असतात. त्या अक्षरांचा फोटो आणि जागेचा नकाशा अर्जाला जोडला की ‘ही भट्टी माझी नव्हेच’ हा बचाव उरत नाही. (धर्मग्रामाच्या कंपाउंडची भिंत नुकतीच झाली असेल तर उरलेल्या विटांवरची अक्षरेही एकदा पाहून घ्यावीत.)

अर्ज एका पानाचा, वसईच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावे. प्रत पालघरचे जिल्हाधिकारी, मीरा-भाईंदर वसई-विरारचे पोलीस आयुक्त आणि डहाणूचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांना. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यायची. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असते. तिच्यातल्या एखाद्या सदस्याला त्याच दिवशी प्रत हातात द्यावी. कुटुंबांची नावे मूळ अर्जात बंद पाकिटात द्यावीत. कारण इथली सर्वांत मोठी गळती खालच्या पातळीवर होते. अर्ज दुपारी आवक नोंदीला लागतो, संध्याकाळी शेठला फोन जातो आणि रात्रीत टेंपो भरून कुटुंबे दुसऱ्या तालुक्यात पोचतात. सकाळी पथक जाते तेव्हा भट्टीवर फक्त कुत्री असतात. म्हणून अर्ज आणि भेट यांत जितके कमी तास जातील तितके बरे.

सुटकेच्या दिवशी जबाब भट्टीवर घेऊ देऊ नयेत. मालक समोर उभा असताना कोणीही ‘सगळं बरं हाय’ असेच सांगणार. कचेरीत किंवा समाजमंदिरात, कातकरी बोली समजणाऱ्या माणसासह, नवरा आणि बायको यांचे जबाब वेगवेगळे झाले पाहिजेत. सर्रास होते ते असे की ‘जोडी’ म्हणून एकच जबाब पुरुषाच्या नावे लिहिला जातो. त्याने फक्त कागद अपुरा राहत नाही. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख आणि तस्करी, लैंगिक शोषण, अपंगत्व अशा गंभीर प्रकारांत ३ लाख रुपये आहेत. बाईचा जबाब नाही म्हणजे तिचे मुक्तता प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे त्या घराचे २ लाख गेले.

तडजोड हा आणखी एक सापळा. “कशाला कोर्टकचेरी? शेठ बाकी सोडतो, वर गाडीभाडं देतो, तुम्ही पण मिटवा.” अधिकारी हे मनापासूनही बोलतात, जिल्ह्यात वेठबिगार निघाला हे कागदावर यायला कोणाला आवडते? पण बाकी ‘सोडणे’ ही शेठची मेहेरबानी नव्हे, ती कायद्यानेच गेलेली आहे. तडजोडीवर अंगठा पडला की प्रमाणपत्र, राहिलेली मजुरी आणि गुन्हा तिन्ही बुडतात. समितीने शांतपणे चार गोष्टींवर अडून बसावे: प्रत्येक माणसाचे स्वतंत्र प्रमाणपत्र, राहिलेल्या मजुरीचा हिशोब, तातडीची मदत (२०२१ च्या सुधारणेनंतर ती ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि खटल्याच्या निकालाशी बांधलेली नाही) आणि गुन्ह्याची नोंद. मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(एच) लावायला सांगावे. १९७६ च्या कायद्यातली शिक्षा तीन वर्षे आणि दोन हजार दंड एवढीच, गुन्हा जामीनपात्र. एकट्या त्याला कोणी घाबरत नाही.

शेठ मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) येणारा निघाला तर

इथे समित्या मोडतात. मालक आपल्याच धर्मग्रामाचा, सणाला मोठी देणगी देणारा, कदाचित समितीतल्या कोणाचा व्याही. लगेच मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाची आठवण होते: भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. मनाला पटणारे, पण तिथे अपराध झाला आहे तो ‘तुझा’. इथे अपराध कातकऱ्याचा झाला आहे. त्याच्या वतीने समजूत काढायचा अधिकार समितीला कोणी दिलेला नाही. आणि आधी सांगणे म्हणजे टेंपो भरायला वेळ देणे. भेटायचेच तर सुटकेनंतर भेटावे.

या प्रसंगाला जवळचा अध्याय बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा. यरुशलेमची तटबंदी चालू असताना लोक ओरडतात: दाण्यापायी शेते गहाण पडली, मुलेबाळे दास्यात गेली. सावकार परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद आणि सरदार होते. नहेम्या रागावतो, विचार करतो, सभा बोलावून त्यांना समोर उभे करतो, शेते-मळे आणि व्याज परत करायला लावतो आणि याजकांसमक्ष शपथ घेववतो. चांगली भावना व्यक्त करून तो थांबत नाही. धर्मगुरूंनी वेदीवरून कोणाचे नाव घेऊ नये हे बरोबर. पण खटला चालू असेपर्यंत त्या देणगीदाराची देणगी थांबवणे त्यांच्या हातात असते, आणि बांधकामाच्या निविदेत ‘उचलीवर मजूर नसलेली भट्टी’ ही अट घालणेही.

धर्मांतराचा आरोप

तो येणारच. शेठच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो. यावर खुलासे देत बसण्यापेक्षा वागणूक आधीच चोख ठेवावी: गाडीवर क्रूस नाही, माळा-पदके नाहीत, भट्टीवर किंवा वाडीवर प्रार्थना नाही, सुटलेल्या कुटुंबांची मुले लगेच मिशनच्या वसतिगृहात हलवायची नाहीत. ही केवळ सावधगिरी नव्हे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रात लिहिले आहे की प्रेम निरपेक्ष असते, दुसरे काही साधायचे साधन म्हणून ते वापरायचे नसते. धर्म समितीला भट्टीपर्यंत नेतो; कातकऱ्याने त्याची परतफेड करायची नसते. उचलीचे एक ओझे उतरवून उपकाराचे दुसरे चढवणे याला सुटका म्हणता येत नाही.

भादवा

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दासाला सातव्या वर्षी मोकळे करायची आज्ञा आहे, आणि तिला जोडूनच दुसरी: त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून सढळ हाताने दे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नीरजा चौधरी खटल्यात हाच मुद्दा धरला. पुनर्वसनाशिवाय सोडलेला मजूर उपासमारीने पुन्हा त्याच बिगारीत जातो.

योजनेची मोठी रक्कम खटल्यापायी रखडते. भूक रखडत नाही. खरी परीक्षा आषाढापासून गणपतीपर्यंत. या काळासाठी गरीबनिधी वापरावा, आणि त्याला दोन लाख लागत नाहीत. घरटी ५० किलो तांदूळ धरला तर सहा घरांचे ३०० किलो. किलोला ४५ रुपये धरले तर १३,५००. आजारपणासाठी घरटी ३,००० प्रमाणे १८,०००. एकूण ३१,५००. तांदूळ दान द्यायचा नाही. वाडीवरच कोठी करायची, किल्ली बायांकडे, घेतले तेवढेच परत, दिडी-सवाई (दीडपट-सव्वापट परतफेड) नाही. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात गरजू भावाला अन्न देताना नफा घेऊ नको म्हटले आहे, ते इथे अक्षरशः लागू होते.

कागदपत्रांची कामे याच काळात: जातीचा दाखला, बायकोच्या नावे बँक खाते, अंत्योदय शिधापत्रिका. कातकरी विशेष दुर्बल आदिवासी गटात मोडतात, त्यामुळे महिन्याला ३५ किलो धान्याचा हक्क त्यांना मिळायला हवा. प्रत्यक्षात शिधापत्रिका कुठल्या तरी जुन्या वाडीच्या पत्त्यावर किंवा चक्क मुकादमाकडे असते. ती परत मिळवणे हे पहिले काम. घर मालकाच्या जागेवर असेल तर कलम ८ दाखवावे: मुक्त झालेल्या वेठबिगाराला राहत्या जागेतून काढता येत नाही.

दिवाळीनंतर मोजणी करावी. आपल्या नमुन्यात सहापैकी चार घरे वाडीवर टिकली. पाचवे दुसऱ्या भट्टीवर गेले, पण उचल न घेता, आठवड्याच्या आठवड्याला मजुरी हातात घेण्याच्या बोलीवर. याला पुन्हा बिगारी समजू नये, भट्टीकाम हा काही गुन्हा नाही. सहाव्याने भादव्यात मुलीच्या लग्नासाठी नव्या मुकादमाकडून ३०,००० उचलले. कोठीत तांदूळ होता, लग्नाची सोय नव्हती, आणि समितीने तो खर्च धरलाच नव्हता. त्या कुटुंबाला बोल लावण्यात अर्थ नाही. नवी उचल देणे हा कलम १७ खाली नवा गुन्हा आहे. जुन्या प्रमाणपत्राची प्रत जोडून नवा अर्ज करायचा, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात लग्न आणि मयत यांचे वेगळे खाते उघडायचे.